केंद्रीय पोलीस दलात जायचे तर लागण चौदाव्या वर्षी



शेतकी खात्याच्या या पानावर आजवर आम्ही बेणे, खत, पाणी आणि हुमणी यांवाचून दुसरे काही फारसे लिहिले नाही. या अंकात विषय वेगळा घेतला आहे, त्याला कारण आहे. ऊसनोंदीसाठी गावोगाव फिरताना हल्ली सभासद उसाच्या आधी पोराचे विचारतात. जमीन वाटून वाटून दोन-अडीच एकरांवर आली, त्यात दोन भाऊ. एकाने शेती बघावी आणि एकाने नोकरी धरावी, हा घराघरातला हिशेब झाला आहे. आणि नोकरी म्हटली की पहाटे कॅनॉलच्या रस्त्यावर पळणारी पोरे आठवतात. पळतात खूप, पण कशासाठी आणि कुठल्या नियमाने, हे बहुतेकांना ठाऊक नसते.

दोन हंगामांपूर्वीची गोष्ट. एक जुने सभासद गट ऑफिसात आले. नाव लिहीत नाही, आम्ही त्यांना तात्या म्हणतो. उसाच्या बिलावर काही उचल मिळेल का, असे विचारू लागले. कशाला, तर म्हणाले, “साहेब, पोराचं भरतीचं काम हाय. एकजण अडीच लाखात करून देतो म्हणतोय. पोराची उंची दोन सेंटिमीटर कमी पडतीया, ती तो जुळवून घेणार हाय.”

आम्ही तात्यांना बसवले, चहा मागवला आणि पोराला बोलावून घेतले. वय बावीस वर्षे पाच महिने. उंची १६८ सेंटिमीटर. पोरगा काटक, सरळ. केंद्रीय दलाच्या शिपाई भरतीला पुरुष उमेदवाराची उंची १७० सेंटिमीटर लागते हे खरे. पण त्याच जाहिरातीत पुढे लिहिलेले असते, की गढवाली, कुमाऊनी, डोगरा, मराठा अशा काही वर्गांतील उमेदवारांना १६५ सेंटिमीटर चालते. त्यासाठी जाहिरातीला जोडलेल्या नमुन्यात तहसीलदार किंवा प्रांत यांच्या सहीचा दाखला दाखवावा लागतो. म्हणजे जी गोष्ट सरकारी नियमाने एका दाखल्यावर मिळत होती, ती हा इसम अडीच लाखांना विकत होता!

तात्यांचे पैसे वाचले. पोराने दाखला काढला, संगणकावरची परीक्षाही पास केली. मैदानावर उंची मान्य झाली. मग पाच किलोमीटर पळायला उभा राहिला आणि सव्वीस मिनिटे लागली. मुदत चोवीस मिनिटांची. दोन मिनिटांनी पोरगा बाहेर. पुढची जाहिरात निघेपर्यंत तेवीस ओलांडले आणि दार बंद झाले.

यात आमचाही दोष आहे, तो सांगितला पाहिजे. त्याआधी दोन वर्षे तो पोरगा आम्हाला रोज पळताना दिसत होता. “काय तयारी?” विचारले की “सोळाशे मीटर” म्हणायचा. आम्हीही “छान, चालू दे” म्हणून मोटारसायकल पुढे काढायचो. सोळाशे मीटर ही महाराष्ट्र पोलीस भरतीची दौड. केंद्रीय दलाची पाच किलोमीटर. हे दोन वेगवेगळे पीक आहे, एवढे सुद्धा आम्ही त्याला सांगितले नाही. सबब हा लेख.

प्रथम राज्य आणि केंद्र यांतला फरक. आपल्या राज्यघटनेत पोलीस हा विषय राज्यसूचीत आहे. गावातले ठाणे, जिल्ह्याचे पोलीस दल, राज्य राखीव पोलीस दल ही सगळी राज्याची. एस.आर.पी. आणि सी.आर.पी. यांत आपली मंडळी नेहमी गल्लत करतात. एस.आर.पी. राज्याची, आणि सी.आर.पी.एफ. म्हणजे केंद्रीय राखीव पोलीस दल केंद्राचे. १९३९ साली नीमच येथे ते वेगळ्या नावाने उभे राहिले आणि १९४९ साली त्याला आजचे नाव मिळाले. पुण्याजवळ तळेगावला त्याचे मोठे ठाणे आहे, जाता-येता अनेकांनी पाहिले असेल. भारत-तिबेट सीमा पोलीस दल १९६२ चे, चीनच्या युद्धाच्या वेळचे. सीमा सुरक्षा दल १९६५ चे, पाकिस्तानच्या युद्धानंतरचे. विमानतळांवर आणि मोठ्या सरकारी कारखान्यांवर पहारा देणारे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल १९६९ चे. नेपाळ-भूतान सीमेवर सशस्त्र सीमा बल आणि ईशान्येकडे आसाम रायफल्स. या सर्वांची शिपाई भरती कर्मचारी निवड आयोग एकाच परीक्षेतून करतो. पात्रता दहावी पास. वय अठरा ते तेवीस, जाहिरातीत दिलेल्या तारखेला मोजायचे. इतर मागासवर्गाला तीन वर्षे आणि अनुसूचित जाती-जमातींना पाच वर्षे सूट.

तेवीस हा आकडा घरात भिंतीवर लिहून ठेवावा. राज्य पोलिसाला खुल्या वर्गात अठ्ठावीसपर्यंत चालते, त्यामुळे “अजून वेळ आहे” असे पोरे म्हणतात. राज्याचा वेळ असतो, केंद्राचा संपलेला असतो. शिवाय राज्य पोलिसाला बारावी लागते आणि केंद्रीय शिपायाला दहावी पुरते. म्हणजे केंद्राचे दार आधी उघडते आणि आधीच मिटते.

दुसरा फरक क्रमाचा. राज्याच्या भरतीत आधी मैदान, मग लेखी. केंद्रात आधी संगणकावरची परीक्षा, त्यात निवडले गेले तरच मैदान. आमच्या भागातली कितीतरी पोरे तीन-तीन वर्षे पळतात आणि मैदान दिसायच्या आधीच संगणकापुढे पडतात. ऐंशी प्रश्न, एकशेसाठ गुण, वेळ साठ मिनिटे. एका प्रश्नाला पाऊण मिनिट. बुद्धिमापन, सामान्यज्ञान, गणित आणि भाषा, प्रत्येकाचे वीस प्रश्न. चुकीच्या उत्तराला गुण कापतात, म्हणून ठोकताळ्याने उत्तरे टिचकवू नयेत. पूर्वी ही परीक्षा फक्त इंग्रजी-हिंदीत होती. २०२४ पासून ती मराठी आणि कोंकणीसह तेरा प्रादेशिक भाषांतही देता येते. गणिताचे आणि बुद्धिमापनाचे प्रश्न आता मराठीत वाचता येतात, ही आपल्या पोरांना मोठीच सोय झाली. भाषेचा भाग मात्र इंग्रजी किंवा हिंदीचाच असतो. आपल्या पोरांनी हिंदी घ्यावी असे आमचे मत आहे, पण हिंदीचे व्याकरण मराठीच्या अंदाजाने सोडवू नये, तिथे लिंग आणि ‘ने’चा घोटाळा फार होतो.

गणित म्हणजे शेकडेवारी, नफा-तोटा, काळ-काम-वेग, सरासरी, क्षेत्रफळ. हे सगळे आठवी ते दहावीचे. ज्या पोराने ती तीन वर्षे नीट केली त्याला वेगळ्या क्लासची गरज फार कमी लागते. घरी उसाचे बिल येते त्यावर एकरी उतारा, वजन, कपात हे पोराकडून काढून घ्या. काटापावती त्याच्या हातात द्या. आमच्या मते याहून चांगला गणिताचा मास्तर नाही. (आणि बिलात चूक सापडली तर शेतकी खात्याकडे अवश्य या, रागावणार नाही.)

आता तयारी चौदाव्या वर्षी का? आडसाली उसाचेच बघा. जुलैत लागण केली, बेसल दिला, बाळभरणी, मोठी भरणी वेळेवर केली, तर ऊस सोळा-अठरा महिन्यांनी पदरात पडतो. पहिले चार महिने दुर्लक्ष करून मग बाराव्या महिन्यात युरियाची पोती ओतली तर ऊस लोळतो, वजन देत नाही. अठराव्या वर्षी जाहिरात बघून दोन महिन्यांच्या अकादमीत टाकलेले पोरगे हुबेहूब असेच लोळते. हाडे, दम, डोळे, पाय, कागद आणि एन.सी.सी. या गोष्टींना वर्षे लागतात.

आठवी-नववीत सर्वांत आधी तपासणी करून घ्या. पळायला लावण्याच्याही आधी. डोळ्यांच्या डॉक्टरकडे रंगीत ठिपक्यांचे पुस्तक असते, त्यावरून रंगांधळेपणा कळतो. हा दोष जन्मजात असतो, मुलांत जास्त आढळतो, आणि असलेल्याला स्वतःला त्याचा पत्ता नसतो. या दलांत तो चालत नाही आणि त्यावर औषधही नाही. चौदाव्या वर्षी कळले तर पोरगे आय.टी.आय.ला जाईल, डिप्लोमाला जाईल, शिक्षक होईल. बाविसाव्या वर्षी वैद्यकीय तपासणीत कळले तर पाच-सहा वर्षे मातीत. नजरही चष्म्याशिवाय चांगली लागते. एका डोळ्याने ६/६ आणि दुसऱ्याने ६/९. रात्री गोधडीत मोबाईल घेऊन बसणाऱ्या पोरांच्या आयांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

मग पाय. आंघोळीनंतर ओल्या पायाने कोरड्या फरशीवर उभे करा. तळव्याच्या आतल्या बाजूला ठशात खाच दिसली तर ठीक. सगळा तळवा उमटला तर पाय सपाट असण्याची शक्यता आहे, डॉक्टरांना दाखवा. सरळ उभे राहून गुडघे चिकटतात आणि घोटे लांब राहतात का, तेही बघा. पिंढरीच्या शिरा फुगलेल्या, अंडकोषात पाणी, असे काही असेल तर पोरे लाजेने सांगत नाहीत. बापाने विचारावे. वेळीच शस्त्रक्रिया झाली तर पुढे अडचण येत नाही, पण ती भरतीच्या आदल्या आठवड्यात करून भागत नाही.

उंचीबद्दल स्पष्टच सांगतो. उंची वाढवणारी पावडर, गोळी, लटकण्याचा पट्टा, यांपैकी काहीही उंची वाढवत नाही. उंची आईबापाकडून येते, आणि वाढत्या वयातल्या खाण्या-झोपेवर थोडीफार. दूध, अंडी, शेंगदाणे, डाळ, भाकरी, गूळ हे आपल्या घरात आहे. मुलींची उंची १५७ सेंटिमीटर लागते, मराठा वर्गात १५५. अनुसूचित जमातीत मुलांना १६२.५ आणि मुलींना १५०. मुलांची छाती न फुगवता ८० सेंटिमीटर आणि फुगवून पाच सेंटिमीटर वाढली पाहिजे. मराठा वर्गात न फुगवता ७८ चालते, फुगवण पाचच. ही फुगवण पळण्याने, पोहण्याने, दमाच्या कसरतीने येते. मावा खाणाऱ्याला आणि बिडी ओढणाऱ्याला ती टिकवता येत नाही.

पळण्याबद्दल आमचे थोडे सविस्तर ऐका. पाच किलोमीटर चोवीस मिनिटांत, म्हणजे किलोमीटरला चार मिनिटे अठ्ठेचाळीस सेकंद. चारशे मीटरच्या मैदानाला साडेबारा फेऱ्या, दर फेरी एक मिनिट पंचावन्न सेकंदांची. मुलींना सोळाशे मीटर साडेआठ मिनिटांत, म्हणजे चार फेऱ्या, प्रत्येकी दोन मिनिटे सात सेकंदांच्या आसपास. वेग फार नाही. जो पोरगा चौदा-पंधराव्या वर्षी खो-खो, कबड्डी खेळला, आठवड्यातून तीन-चार दिवस सावकाश दोन-तीन किलोमीटर पळाला, त्याला सतराव्या वर्षी पाच किलोमीटर घड्याळ न बघता सहज जाते. मग घड्याळ हातात घ्यावे. अंतर एकदम वाढवू नये, एका आठवड्याला आधीच्या दहाव्या हिश्श्याइतके पुरे. आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती. नडगीच्या हाडावर एकाच जागी बोट दाबले की कळ येत असेल तर पळणे थांबवून डॉक्टरकडे जावे. वरून मलम चोळून किंवा इंजेक्शन घेऊन पळत राहिलेल्या पोरांच्या हाडाला चीर गेल्याचे आम्ही आमच्याच गटात दोनदा पाहिले.

पळावे कुठे? डांबरीवर नको, हाडाला मार बसतो. आणि गाळप हंगामात तर रस्त्यावर मुळीच नको. पहाटे पाचला दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर येतो, मागचा दिवा बंद, पलीकडून दुसरा. ड्रायव्हर रात्रभर जागा असतो. पोरे काळी बनियन घालून कानात गाणी लावून पळतात. आमचा जीव थरथरतो. कॅनॉलची पाणंद, शाळेचे मैदान, काही नसेल तर स्वतःच्या रिकाम्या रानाची कड. पांढरा शर्ट आणि कानात काही नाही, एवढे तरी घरच्यांनी बघावे.

एन.सी.सी.चा फायदा फार थोड्यांना माहीत आहे. या परीक्षेत ‘अ’ प्रमाणपत्राला एकूण गुणांच्या दोन टक्के, ‘ब’ला तीन आणि ‘क’ला पाच टक्के गुण वाढवून मिळतात. एकशेसाठपैकी पाच टक्के म्हणजे आठ गुण. आठ गुण म्हणजे चार प्रश्न. ‘अ’ प्रमाणपत्र माध्यमिक शाळेत दोन वर्षांत मिळते, ‘क’ कॉलेजात तीन वर्षांनी. आठवी-नववीत शाळा निवडताना एन.सी.सी. आहे का हे विचारा. जवळच्या शाळेत नसेल आणि तीन मैलांवरच्या शाळेत असेल, तर सायकल द्या.

कागदांचा भाग कंटाळवाणा आहे, पण निम्मी पोरे तिथे अडकतात. जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्रावरची धरतात. त्यावरचे नाव, बापाचे नाव आणि आधारकार्डावरचे नाव अक्षरशः एक असावे. ‘पाटील’ एका जागी आणि ‘पाटिल’ दुसऱ्या जागी, असे नको. दुरुस्ती दहावीचा अर्ज भरण्यापूर्वीच करून घ्यावी, नंतर फार यातायात पडते. अधिवासाचा दाखला लागतो, कारण जागा राज्यवार असतात. कुणबी आणि इतर मागासवर्गीयांनी दाखला केंद्राच्या नमुन्यात काढावा, राज्याचा नमुना चालत नाही. राज्याचा एस.ई.बी.सी. दाखला केंद्रात उपयोगाचा नाही. आर्थिक दुर्बल घटकाचा केंद्रीय दाखला काढता येतो, मात्र कुटुंबाची शेतजमीन पाच एकर किंवा जास्त असेल तर मिळत नाही. सातबारा एकत्र असेल तर आधी तलाठ्याकडे चौकशी करावी. उंचीच्या सवलतीचा दाखला वर सांगितलाच.

चारित्र्याची पडताळणी गावच्या ठाण्यातून होते. मिरवणुकीतली मारामारी, दुचाकीवरून कुणाला धडक, निवडणुकीतला राडा, यांत पोराचे नाव लिहिले गेले तर ते वर्षांनी पुढे येते. त्यापेक्षा वाईट म्हणजे लपवणे. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली सांगितले, की फॉर्मवर दिलेली माहिती खरीच असली पाहिजे. किरकोळ, पोरवयातली चूक असेल तर नेमणारा अधिकारी ती माफ करू शकतो, पण लपवल्याबद्दल नोकरी जाऊही शकते. काही घडले असेल तर फॉर्मवर खरे लिहावे आणि वकिलाचा सल्ला घ्यावा.

दलालांविषयी. परीक्षा संगणकावर होते, मैदानावर वेळ यंत्राने आणि नोंदीने घेतात. सार्वजनिक परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध केंद्राचा कायदा जून २०२४ पासून लागू झाला आहे. त्यात तीन ते पाच वर्षे कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे, टोळीने केले तर पाच ते दहा वर्षे आणि किमान एक कोटी दंड. आमच्या ऐकण्यातला एकही दलाल असा नाही की ज्याने पोरगे लावून दाखवले. पोरगे आपल्या बळावर लागले तर तो पैसे ठेवतो, नाही लागले तर फोन बंद करतो.

मुलींबद्दल दोन शब्द. केंद्रीय राखीव पोलीस दलात महिलांची पहिली बटालियन, ८८ वी, १९८६ साली उभी राहिली. त्याच बटालियनच्या कमलेश कुमारी १३ डिसेंबर २००१ रोजी संसदेच्या फाटकावर ड्यूटीला होत्या. हातात शस्त्र नव्हते. हल्लेखोर पाहताच त्यांनी ओरडून इतरांना सावध केले आणि त्यात प्राण गेला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. “पोरीला कुठं धाडायची लांब?” असे म्हणणारे सभासद भेटतात. लांब जावे लागते हे खोटे नाही. छत्तीसगड, काश्मीर, मणिपूर, कुठेही. सणाला रजा मिळेलच असे नाही. सातव्या वेतन आयोगात शिपायाचे मूळ वेतन २१,७०० रुपये, भत्ते वेगळे. हे घरात मोकळेपणी बोलूनच पोराला किंवा पोरीला तयारीला लावावे.

ज्यांना सी.बी.आय. किंवा राष्ट्रीय तपास यंत्रणेचे वेड आहे त्यांनी समजून घ्यावे, की ती वाट दहावीवरून जात नाही. सी.बी.आय. १ एप्रिल १९६३ ची, आणि राष्ट्रीय तपास यंत्रणा मुंबईवरच्या २००८ च्या हल्ल्यानंतरची. तिथे उपनिरीक्षक व्हायचे तर पदवी लागते, आणि निवड आयोगाच्या पदवीधर परीक्षेतून जावे लागते. वय तिसापर्यंत. तिथले काम बरेचसे कागदांचे आणि हिशेबांचे असते, म्हणून वाणिज्य, कायदा, संगणक यांची पदवी उपयोगी पडते. सीमेवरच्या दलांत उपनिरीक्षक किंवा सहायक कमांडंट व्हायचे तरी पदवीच हवी, वय वीस ते पंचवीस. पोरगे अभ्यासात बरे असेल तर शिपाई झाल्यावर शिक्षण सोडू नये, मुक्त विद्यापीठातून पदवी करता येते.

तात्यांचा धाकटा आता नववीत आहे. एन.सी.सी.त नाव घातले आहे, डोळे तपासून झाले, रंग ठीक निघाले. थोरला आता शेती बघतो आणि पहाटे धाकट्याबरोबर स्वतः पळतो, हातात घड्याळ घेऊन. तात्या सांगत होते, थोरलाच जास्त ओरडतो.

गाळप बंद झाल्यावर वजनकाट्यामागचे मोकळे आवार सभासदांच्या मुलामुलींना पहाटे साडेपाच ते सात पळण्यासाठी उघडे ठेवण्याचे ठरले आहे. वॉचमनला सांगून ठेवले आहे. गट ऑफिसच्या भिंतीवर उंचीची पट्टी रंगवून घेतली आहे आणि दाखल्यांचे नमुने शेतकी खात्यात पाहायला मिळतील. ऊसनोंदीला याल तेव्हा पोराला बरोबर आणावे, दहावीचे किंवा शाळेचे कागद घेऊन. उंची मोजताना चप्पल बाहेर काढावी लागेल.